गीत कुणाचं?

‘केशवा माधवा’ कुठल्या संताचं, असं फणसवाडीतल्या एखाद्या भजनी मंडळात सहज विचारून बघा. कोणी नामदेवांचं नाव घेईल, कोणी तुकोबांचं. ते आहे रमेश अणावकरांचं. चाल दशरथ पुजारींची, आवाज सुमन कल्याणपूरांचा. तीच गत ‘अवघे गर्जे पंढरपूर’ची. हा अभंग वारीत, देवळात, लग्नाच्या मांडवातसुद्धा वाजतो. तो ‘गोरा कुंभार’ या संगीत नाटकासाठी अशोकजी परांजपे यांनी लिहिला आणि जितेंद्र अभिषेकींनी चालीत बांधला, हे ठाऊक असणारे थोडेच. परांजपे इंडियन नॅशनल थिएटरमध्ये लोककलांच्या संशोधनाचं काम करत. दशावतार, खंडोबाचं जागरण असल्या गोष्टींत मुरलेल्या माणसाच्या हातून असं पद उतरलं, यात नवल नाही. नवल आहे ते आपल्या विसरण्याचं.

आधी कविता, मग गाणं, असा सुरुवातीचा क्रम होता. १९३०च्या दशकाच्या आरंभी गो. ना. जोशींनी मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे यांची एक कविता तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताला घरोघरी वाट मिळाली. पुढे गजानन वाटव्यांनी ते गणेशोत्सवाच्या मांडवात नेलं. पुण्यामुंबईत रस्त्यावर बसून लोक कविता ऐकू लागले. कवितेला एवढा श्रोता त्याआधी क्वचितच मिळाला असेल. मागणी वाढली तशी मुद्दाम गाण्यासाठीच लिहिणारी माणसं हवी झाली. कवी संमेलनात मिरवायचा. गीतकार तालमीच्या खोलीत पेटीशेजारी बसून ओळी खोडायचा.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. त्यातच वाद्यांचे तुकडे, त्यातच धृपदाची आवर्तनं. उरलेल्या जागेत दोन-तीन कडवी बसवायची आणि सगळी गोष्ट सांगून मोकळं व्हायचं. वाचक मागची ओळ पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही; त्याचा एक हात पोळपाटावर असतो. म्हणून ओळ पहिल्याच फेरीत कळली पाहिजे. लांबवायच्या सुरावर आकार-ईकार हवा, जोडाक्षर आलं की गाणारी अडखळते. मोलाचा शब्द समेवर पडला तर ठीक, नाहीतर सम ‘आणि’वर यायची. चाल आधी तयार असेल तर हे सगळं दुसऱ्याच्या मापाने शिवायचं. यशवंत देव शब्दप्रधान गायकीचा आग्रह धरत, स्वतः गीतंही लिहीत. त्यांना दोन्ही बाजूंची अडचण माहीत होती.

या कामातले वाकबगार म्हणजे पी. सावळाराम, मूळचे निवृत्ती रावजी पाटील. पुढे ते ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज आणि सावळारामांचे शब्द असं त्रिकूट जमलं. सासरी निघालेल्या लेकीला उद्देशून त्यांनी लिहिलेलं गाणं वाजलं की मांडवातले पुरुषही तोंड फिरवून डोळे पुसत. समीक्षकांनी त्यांना कवी म्हणून फारसं मोजलं नाही. लोकांनी ‘जनकवी’ म्हटलं. मला लोकांचा निवाडा जास्त पटतो.

वंदना विटणकरांची गोष्ट आणखी वेगळी. श्रीकांत ठाकरे यांनी महंमद रफींकडून मराठी गाणी गाऊन घेतली. त्यांतली ‘शोधिसी मानवा’सह कितीतरी विटणकरांची. आजही ती ‘रफीची मराठी गाणी’ म्हणूनच मागितली जातात. लिहिणारी बाई होती, हे आवर्जून सांगावं लागतं.

आकाशवाणी मुंबईवर ‘आपली आवड’ लागायचं तेव्हा निवेदिका गीतकाराचंही नाव सांगायची. चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईलासुद्धा त्यामुळे शांता शेळके, मधुकर जोशी, योगेश्वर अभ्यंकर ही नावं पाठ झाली होती. कॅसेटच्या वेष्टनावर ती बारीक अक्षरात गेली. मोबाइलवर गायकाचा फोटो येतो, गीतकार शोधावा लागतो.

राजा बढे यांचं तसं बरं चाललं आहे म्हणायचं. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला, दादरला त्यांच्या नावाचा चौक आहे. तरी गाणं ओळखलं जातं ते शाहीर साबळ्यांचं म्हणून. साबळ्यांचा आवाज तसा होताच, तक्रार त्याबद्दल नाही.

गिरगावातल्या गणेशोत्सव मंडळांना एक विनंती. यंदा वाद्यवृंद ठरवाल तेव्हा निवेदकाला बजावून ठेवा: प्रत्येक गाण्याआधी गीतकाराचं नाव, तेही सर्वांत आधी. खर्च काही नाही.