रोगप्रतिकार आणि चयापचय : क्षयरोगाच्या आधारे एक विवेचन

प्रास्ताविक

महाविद्यालयीन जीवशास्त्रात चयापचय आणि रोगप्रतिकार ही दोन वेगळी प्रकरणे म्हणून शिकवली जातात. शरीरात मात्र दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून होतो. प्रस्तुत लेखात हा संबंध क्षयरोगाच्या उदाहरणातून मांडला आहे. या रोगाचे मराठी नावच बोलके आहे. क्षय म्हणजे झिजणे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयजंतू दाखवून दिल्यावर आपले सारे लक्ष जंतूकडे गेले आणि झिजेकडे दुर्लक्ष झाले.

संरक्षणाचा खर्च

स्वस्थ लिम्फोसाइट पेशीला फारच थोडे इंधन लागते. जंतूची ओळख पटताच मात्र तिला झपाट्याने विभाजित व्हावे लागते. त्यासाठी ती भरपूर ग्लुकोज ओढून घेते आणि प्राणवायू उपलब्ध असतानाही त्याचे वेगाने लॅक्टेटमध्ये रूपांतर करते. या मार्गाने ऊर्जा कमी मिळते, पण नव्या पेशी उभारायला कच्चा माल मिळतो. त्यात तापाची भर पडते. शरीराचे तापमान एक अंश सेल्सियस वाढले की मूलभूत चयापचय साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो.

हा खर्च परवडेल की नाही, याची वर्दी चरबीच्या पेशी देतात. लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडले, तेव्हा ते केवळ भुकेशी संबंधित मानले गेले. १९९८ मध्ये असे दिसून आले की उपाशी उंदरांमध्ये लेप्टिन घटते आणि त्याबरोबर टी-पेशींचा प्रतिसादही मंदावतो. बाहेरून लेप्टिन दिल्यास तो सुधारतो. म्हणजे कुपोषित माणसाची प्रतिकारशक्ती नुसती थकलेली नसते. शिल्लक पाहून शरीरच ती आवरती घेते.

एकच रेणू, दोन नावे

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण टीएनएफ या प्रथिनाचे आहे. गाठींवर परिणाम करणारे प्रथिन म्हणून १९७५ मध्ये त्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे नाव मिळाले. दुसरीकडे, दीर्घ आजारात शरीर का झिजते याचा शोध घेणाऱ्यांनी एका रेणूला ‘कॅकेक्टिन’ म्हटले. १९८५ मध्ये हे दोन्ही एकच असल्याचे स्पष्ट झाले. पुढे १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत हाच रेणू इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणताना आढळला. याच टीएनएफच्या आधारे शरीर क्षयजंतूंना गाठींमध्ये कोंडून ठेवते. संधिवातावर टीएनएफ रोखणारी औषधे आली, तेव्हा काही रुग्णांमध्ये सुप्त क्षय जागा झाल्याच्या नोंदी २००१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जो रेणू रुग्णाला झिजवतो तोच त्याला वाचवतोही, हे विद्यार्थ्यांना सांगितल्यास दोन प्रकरणांमधली भिंत आपोआप पडते.

साखरेची बाजू

अन्न कमी पडणे ही एक बाजू झाली. मधुमेहात रक्तात साखर मुबलक असूनही संरक्षण ढासळते आणि क्षयाचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. मधुमेही उंदरांत फुप्फुसातील जंतूची खबर लसिकाग्रंथींपर्यंत उशिरा पोहोचते व तोवर जंतूंची संख्या वाढलेली असते. उलट, क्षयाच्या ताणामुळेही साखर चढते. शिवाय रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

‘माणूस सडपातळ आहे, त्याला कसला मधुमेह?’ हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने त्याला धक्का दिला. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. पण वजनाच्या मानाने चरबी फारशी कमी नव्हती; कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक व ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बीएमआयचे कोष्टक वर्गात शिकवताना हे छायाचित्र अवश्य दाखवावे.

शिध्याचा परिणाम

डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांच्या झारखंडमधील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २,८०० क्षयरुग्ण व त्यांच्या घरातील १०,३४५ व्यक्ती त्यात होत्या. सर्व रुग्णांना औषधांबरोबर शिधा मिळाला. निम्म्या गटात घरच्यांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. तसेच पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. यात लस नव्हती, नवे औषध नव्हते, डाळभात होता. धानाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे विशेष वाटायला हवे.

निक्षय पोषण योजनेत रुग्णाला २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ही रक्कम रुग्णाच्या खात्यात जाते. घरच्यांनाही शिध्यात सामावून घेण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली, ती ‘निक्षय मित्र’ या मार्गाने. असा मित्र म्हणून व्यक्तीला नाव नोंदवता येते, तसे संस्थेलाही.