जेधे, कान्होजी

(सतरावे शतक). मावळातील एक मातब्बर देशमुख, शहाजीचा विश्वासू सरदार व शिवाजी महाराजांचा आरंभीच्या काळातील सहकारी. रोहिडखोऱ्यातील कारी (ता. भोर, जि. पुणे) हे त्याचे गाव. प्रतापगडाच्या युद्धापूर्वी शाही हुकूम आणि दिलेली शपथ यांपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंग त्याच्यावर आला.

मावळातील देशमुख हे वतनदार व सैनिकी अधिकारीही असत. वतनाला आधार शाही मान्यतेचा होता. ते जप्त झाल्यास उत्पन्न, मानपान व पाइक बाळगण्याची ऐपत एकदमच जाई. कान्होजी दीर्घकाळ शहाजीच्या पदरी होता. १६४८ मध्ये शहाजीला कैद झाली, तेव्हा तोही बंदीत पडला. १६४९ मध्ये सुटका झाल्यावर शहाजीने त्यास शपथ घेववून शिवाजी महाराजांकडे पाठविले.

विजापूर दरबाराने अफझलखानाची नेमणूक केल्यानंतर जून १६५९ मध्ये दुसऱ्या अली आदिलशाहने कान्होजीस फर्मान पाठविले. खानाच्या हुकुमात राहून चाकरी करावी, शिवाजीच्या माणसांना आश्रय न देता त्यांचा नाश करावा, खानाच्या शिफारशीनुसार सरफराजी होईल, असा त्याचा आशय होता. उत्रवळीचा देशमुख खंडोजी खोपडे खानास मिळाला. महाराजांचा भाऊबंद मंबाजी भोसले हाही खानाच्या फौजेत होता. त्यामुळे या संघर्षात मराठा घराणी दोन्ही बाजूंस विभागली गेली.

कान्होजी पाच पुत्रांसह फर्मान घेऊन महाराजांकडे गेला. जेधे करीन्यानुसार, वतन बुडेल हे महाराजांनी त्यास स्पष्टपणे सांगितले. त्याने शपथेचे स्मरण देऊन वतनावर पाणी सोडले. त्यानंतर त्याचे कुटुंब सुरक्षिततेसाठी तळेगावास हलविण्यात आले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी हल्लीच्या महाबळेश्वर तालुक्यातील प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला. जावळीच्या रानात खानाच्या फौजेवर तुटून पडलेल्या मावळ्यांत जेधे व बांदल यांची पथके होती.

पुढे खोपडे हाती लागला. कान्होजीच्या रदबदलीमुळे त्याचे प्राण वाचले. तथापि त्याचा एक हात व एक पाय तोडण्यात आला. खोपड्याचा मार्ग कान्होजीपुढेही खुला होता आणि तत्कालीन वतनदारी व्यवहारात तो अपवादात्मक नव्हता, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

करीना हा जेधे घराण्याचा स्वतःचा वृत्तांत असल्याने त्यातील संवाद सावधपणे स्वीकारावे लागतात. कान्होजीवरील दडपण मात्र फर्मानावरून स्वतंत्रपणे सिद्ध होते. शाही मान्यतेवर उभी असलेली सत्ता व्यक्तिनिष्ठेच्या आधारे नव्या राज्याकडे कशी वळली, याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण होय.