पाडलेल्या काँक्रिटचा पाणंद रस्त्यासाठी उपयोग

पावसाळा सुरू झाला की काळ्या जमिनीतील पाणंद रस्ते चिखलाने भरून जातात. गाडीची चाके रुततात, ट्रॅक्टर अडकतो आणि तोडलेला भाजीपाला बांधावरच सडतो. पिकविलेला माल वेळेवर बाजारात पोहोचला नाही, तर वर्षभराचे श्रम वाया जातात. दुसरीकडे, गावातील जुनी इमारत अगर मोरी पाडली की तिचे काँक्रिट ओढ्याकाठी टाकून दिले जाते. हेच काँक्रिट फोडून रस्त्याच्या पायासाठी वापरता येते. भारतीय रस्ते काँग्रेसने 2017 साली अशा उपयोगासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत.

काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. तिच्यावर थेट खडी पसरल्यास माती खडीच्या फटींत शिरते आणि रस्ता खचतो. म्हणून प्रथम वरचा मऊ थर काढून टाकावा, मुरुमाचा थर द्यावा व तो रोलरने नीट दाबावा. त्यावर 45 ते 63 मिलिमीटर आकाराचे काँक्रिटचे तुकडे सारखे पसरावेत. दाबल्यानंतर थराची जाडी सुमारे 75 मिलिमीटर राहावी. फटींत बारीक खडी व मुरूम भरून पाणी मारावे आणि पुन्हा रोलर फिरवावा. जुन्या तुकड्यांना सिमेंटचा गिलावा चिकटलेला असल्याने ते नव्या खडीपेक्षा अधिक पाणी शोषतात. यास्तव पाणी सढळ हाताने मारणे जरूर आहे.

पुढील दक्षता अवश्य घ्यावी :

1. लोखंडी सळया, लाकूड, प्लॅस्टिक व माती वेचून काढावी. उघडी राहिलेली सळई टायर फाडते आणि बैलाच्या पायास इजा करते.

2. अॅस्बेस्टॉसचे पत्रे मुळीच मिसळू नयेत व फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांस घातक असते.

3. काँक्रिटमधून झिरपणारे पाणी क्षारधर्मी असते. म्हणून विहिरीलगत अगर ओढ्याच्या पात्रात हे तुकडे वापरू नयेत.

4. तीन मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे सहा सेंटिमीटर उंच ठेवावा व दोन्ही बाजूंस चर काढावेत. पाणी साचले तर उत्तम खडीचाही रस्ता टिकत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी इमारत पाडण्यापूर्वीच ग्रामपंचायतीशी विचारविनिमय करून काँक्रिट वेगळे साठविण्याची व्यवस्था करावी. एकदा ते माती-विटांत मिसळले की निवडण्याचा खर्च वाढतो. आखणी व जाडी याबाबत अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि काम उन्हाळ्यातच पूर्ण करावे. असे केल्यास येत्या पावसाळ्यात शेतातील माल चिखलात अडकून न राहता बाजारात पोहोचेल.