हिरवा तलाव आणि तो साफ करणारा माणूस



खोपोली ते कर्जत या पट्ट्यात मुंबईकरांचे शनिवार-रविवारचे बंगले पुष्कळ झाले, आणि बंगल्यामागे पोहण्याचा तलाव आलाच. मालक सुटीपुरता येतो. एरवी तलाव माळ्याच्या किंवा रखवालदाराच्या हाती. शुक्रवारी पाणी हिरवे दिसले की मोबाइलवर हुकूम सुटतो, "पावडर टाक." म्हणून आजचा विषय पोहणाऱ्यापेक्षा पावडर टाकणाऱ्याचा अधिक आहे.

शेवाळाला ऊन, ऊब आणि कुजलेली पाने एवढे पुरते. उन्हाने पाण्यातला क्लोरीन नाहीसा होतो, पहिला पाऊस माती आणून टाकतो, आणि दोन दिवसांत पाणी हिरवे होते. पण नुसती पावडर ओतून भागत नाही. शेतकरी मातीचा सामू पाहतो, तसा पाण्याचाही पाहावा लागतो. सामू साडेसात असेल तर क्लोरीनचा निम्मा भाग जंतू व शेवाळ मारण्याच्या कामी येतो. आठावर गेला की जेमतेम पाव उरतो. बोअरचे पाणी पुष्कळदा अल्कधर्मी असते. मग पोत्यामागून पोते रिचवूनही तलाव हिरवाच!

रीत अशी. आधी पाने काढून भिंती ब्रशने घासाव्यात. नंतर सामू ७.२ ते ७.६ वर आणावा. पन्नास हजार लिटरच्या तलावाला ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे दीड किलो लागते. ती बादलीभर पाण्यात थोडी थोडी टाकावी. पावडरीवर पाणी ओतू नये. चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी संध्याकाळी तलावात सोडावी. चुन्यासकट ओतणाऱ्याचे पाणी हिरव्याचे पांढरे होते, एवढेच. रात्रभर फिल्टर चालवावा. मेलेल्या शेवाळाने पाणी दुधट दिसते. त्यावर आपल्या आजीची तुरटीच उपयोगी. वरील तलावाला किलोभर तुरटी विरघळवून फिरवावी, पंप बंद करून रात्रभर पाणी स्थिर ठेवावे. सकाळी तळाचा गाळ नळीने सरळ बाहेर काढावा; फिल्टरमधून नेला तर वाळू गच्च होते.

तळाची जाळी स्पष्ट दिसेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. गढूळ पाण्यात बुडालेले मूल काठावरून दिसत नाही. मालक रागावला तरी हे सांगण्याचा रखवालदाराला अधिकार असला पाहिजे.

आता खरा धोका. सामू उतरवायला आणि फरशी घासायला ॲसिड आणलेले असते, आणि ते पावडरीशेजारीच ठेवतात. दोन्ही एका बादलीत पडली की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली खोपोलीत टाटांचे वीजगृह सुरू झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हाच वायू खंदकांवर सोडला होता. तो हवेच्या अडीचपट जड असल्याने खाली साचतो. आणि पंपाची खोली बहुधा जमिनीखालीच असते! कारखान्यातल्या कामगाराला हातमोजे व मुखवटा मागताना कायद्याचा आधार असतो. बंगल्यावरच्या एकट्या माळ्याला कारखान्याचे नियम लागू नाहीत. तेव्हा चष्मा, रबरी हातमोजे आणि दोन निराळी कुलूपबंद कपाटे ही मालकानेच द्यावीत. तलावाच्या खर्चात ती रक्कम किरकोळ आहे. वायूचा उग्र वास येताच काम टाकून उंचावर, वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून चालू लागावे. आत कोणी पडला असेल तर मुखवट्याशिवाय त्याच्यामागे उडी घेऊ नये.

तलाव रिकामा करायचा झाल्यास क्लोरीन उन्हात पुरता निघून जाईपर्यंत थांबावे. खोपोलीकडचे ओढे पाताळगंगेला मिळतात आणि तिच्यातले मासे थोड्या क्लोरीननेही मरतात.