गोमंतकीय वादक व संयोजक, हिंदी चित्रपटसंगीतातील

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सुमारे १९४० ते १९९० ह्या काळात पाश्चात्त्य वाद्ये वाजविणाऱ्या आणि गीतांचे वाद्यवृंदसंयोजन करणाऱ्या गोमंतकीय संगीतकारांचा वर्ग. ह्या वर्गात ख्रिस्ती कलावंतांची संख्या मोठी होती. त्यांनी वाजविलेले व लिहिलेले संगीत कोट्यवधी श्रोत्यांच्या कानांवर पडले. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे हयातीत श्रोत्यांना ठाऊक नव्हती आणि मृत्यूनंतर त्यांची चरित्रे जुळविणे हे अभ्यासकांपुढील एक अवघड काम होऊन बसले.

ह्या परंपरेचे मूळ गोव्यातील चर्चच्या संगीतशिक्षणात आहे. पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकापासून धर्मोपासनेसाठी गायकवादक तयार करण्याची प्रथा पडली आणि पुढे गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखनाचे वाचन, समूहगायन व व्हायोलिनवादन शिकविले जाऊ लागले. शिकविणाऱ्या गुरुजींस ‘मेस्त’ म्हणत. शिस्त कडक असे. गावात उपजीविकेचे साधन अपुरे असल्याने ह्या शिक्षणाच्या बळावर अनेक तरुण मुंबईस येत, आपापल्या गावाच्या ‘कुडी’त (सामाईक निवासस्थानात) मुक्काम करीत आणि हॉटेले, नृत्यगृहे, लष्करी व संस्थानी बँडपथके ह्यांत नोकरी धरीत. बोलपट सुरू झाल्यावर ह्या कलावंतांना आणखी एक क्षेत्र मिळाले. रात्री हॉटेलात नृत्यसंगीत आणि दिवसा ध्वनिमुद्रण, असा कित्येकांचा दिनक्रम होता.

चित्रपटसंगीताला त्यांची गरज का भासली, हे त्या काळच्या कार्यपद्धतीवरून समजते. संगीत दिग्दर्शक बहुधा रागसंगीताच्या किंवा लोकसंगीताच्या परंपरेत वाढलेला असे. तो पेटीवर चाल बांधी व गाऊन दाखवी. स्वरलेखन जाणणारा संयोजक ती चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेई. गीताचा आरंभ, अंतऱ्यांमधील वाद्यसंगीत, गायकाच्या स्वराला समांतर किंवा प्रतिसादी जाणाऱ्या व्हायोलिनच्या ओळी इ. रची व प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र कागद तयार करी. गायक आणि सर्व वादक एकत्र बसून एका दमात गीत ध्वनिमुद्रित करीत. एकाची चूक झाली, तर सर्वांनाच गीत पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. ताडदेवचे फिल्म सेंटर किंवा महालक्ष्मीचे फेमस अशा ध्वनिमुद्रणगृहांत जमलेल्या पन्नास-साठ वादकांच्या ताफ्याला अशा लिखित कागदांवाचून एकत्र वाजविणे दुष्करच होते.

एवढे असूनही त्यांची नावे मागे का राहिली नाहीत, ह्याची कारणे मुख्यतः व्यावसायिक आहेत. ध्वनिमुद्रिकेवरील चकतीवर चित्रपट, गायक, संगीतकार इतकीच माहिती छापली जाई. एके काळी तर पार्श्वगायकाचे नावही वगळून त्या जागी पात्राचे नाव दिले जात असे. महल (१९४९) ह्या चित्रपटातील लता मंगेशकर ह्यांच्या अत्यंत गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर ‘कामिनी’ असे नायिकेचे नाव होते, हे उदाहरण प्रसिद्ध आहे. गायकांवरील हा अन्याय पुढे दूर झाला. वादकांच्या बाबतीत तो तसाच राहिला. संयोजकाचा उल्लेख चित्रपटाच्या श्रेयनामावलीत झालाच, तर ‘सहायक’ असा होई. वादकांना ध्वनिमुद्रणागणिक मेहनताना मिळत असल्याने पुढील कोणताही हक्क त्यांच्याकडे उरत नसे. स्वरलेखनाचे कागदही काम संपताच निरुपयोगी ठरत व त्यांचे जतन क्वचितच झाले.

ह्या वर्गातील काही व्यक्ती मात्र निरनिराळ्या कारणांनी लक्षात राहिल्या. हळदोणे (बार्देश) येथील आंतोनियो शाव्हियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–६७) हे मुंबईतील जॅझवादकांत अग्रगण्य समजले जात. लुई आर्मस्ट्राँग ह्यांच्या शैलीचा त्यांच्या ट्रंपेटवादनावर ठसा होता. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर म्हणजेच सी. रामचंद्र ह्यांच्याशी त्यांचा दीर्घ सहयोग घडला. अलबेला (१९५१) ह्या भगवानदादांच्या चित्रपटातील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट व त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. वाजविणारा आणि दिसणारा एकच, असे प्रसंग चित्रपटांत विरळा. त्यामुळे ह्या दृश्याला पुराव्याचे मोल आले आहे. सेबॅस्टियन डिसोझा हे फाळणीपूर्वी लाहोरला बँडप्रमुख होते. मुंबईस आल्यावर ओ. पी. नय्यर ह्यांच्यासाठी आणि दोन दशकांहून अधिक काळ शंकर-जयकिशन ह्यांच्यासाठी त्यांनी संयोजन केले. शंकर-जयकिशन ह्यांच्या गीतांतील व्हायोलिनसमूहाचा भरदार नाद ही त्यांचीच कामगिरी होय. ह्याच जोडीचे दुसरे सहायक दत्ताराम वाडकर (मृ. २००७) हेही गोमंतकीयच. त्यांचा मार्ग मात्र चर्चच्या शिक्षणाचा नसून तालवाद्यांचा होता. परवरिश (१९५८) इ. चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. तथापि वादकांच्या बोलीत रूढ झालेला ‘दत्ताराम ठेका’ हा शब्दप्रयोग त्यांची स्मृती अधिक टिकवून आहे, असे म्हणावे लागते.

अँथनी गोन्सालविस (१९२७–२०१२) ह्यांची कथा काहीशी विलक्षण आहे. माजोर्डे (सासष्टी) येथे जन्मलेले हे व्हायोलिनवादक १९४३ च्या सुमारास मुंबईस आले आणि नौशाद ह्यांच्या वादकवृंदात दाखल झाले. केवळ चित्रपटांच्या कामावर ते समाधानी नव्हते. रागांवर आधारित वाद्यवृंदरचना त्यांनी केल्या व १९५८ मध्ये मोठा वाद्यवृंद उभारून मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्या सादर केल्या; लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले आणि चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध संपल्यासारखाच झाला. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी आपल्या जोडीच्या संगीताने नटलेल्या अमर अकबर अँथनी (१९७७) ह्या चित्रपटातील एका विनोदी गीतात गुरूचे नाव गुंफले. ते नाव देशभर सर्वतोमुखी झाले. परंतु ते काल्पनिक पात्राचे आहे, अशीच बहुसंख्य श्रोत्यांची समजूत राहिली. अशोक राणे ह्यांनी त्यांच्यावर अनुबोधपट केला, तेव्हा २०१० साल उजाडले होते.

ह्यांच्या तुलनेत मडगावच्या बोर्डा भागातील ख्रिस पेरी (१९२८–२००२) ह्यांचे स्मरण गोव्यात ठळकपणे टिकून आहे. त्यांनीही मुंबईच्या नृत्यगृहांत वादन केले. परंतु कोकणी गीते स्वतः रचून ती लोर्ना ह्या गायिकेकडून गाऊन घेतल्यामुळे ती त्यांच्या नावाने ओळखली गेली. त्या दोघांच्या जीवनावर आधारलेला नाचुंया कुंपासार (२०१४) हा कोकणी चित्रपट त्यांच्याच जुन्या गीतांच्या आधारे उभा आहे. स्वभाषेतील गीत आणि त्यावर छापलेले नाव, ह्या दोन गोष्टी हिंदी चित्रपटांतील त्यांच्या सहव्यवसायिकांना लाभल्या नाहीत.

१९९० नंतर संश्लेषक (सिंथेसायझर) व बहुपदरी ध्वनिमुद्रण रूढ होऊन मोठे वादकताफे हळूहळू विसर्जित झाले. त्यानंतरच ह्या कलावंतांच्या नोंदी करण्यास खरा वेग आला. ग्रेगरी बूथ ह्यांनी वयोवृद्ध वादकांच्या मुलाखतींवरून बिहाइंड द कर्टन (२००८) हा ग्रंथ सिद्ध केला; नरेश फर्नांडिस ह्यांच्या ताज महाल फॉक्सट्रॉट (२०१२) मध्ये मुंबईच्या जॅझपर्वाचा इतिहास आला. ह्या शोधामुळे क्वचित दुसरे टोकही गाठले जाते आणि गाजलेल्या चाली संयोजकांच्याच होत्या, असे दावे केले जातात. बहुतेक प्रसंगी चाल दिग्दर्शकाची आणि तिचे वाद्यरूप संयोजकाचे, अशी विभागणी होती; तीतही सीमारेषा प्रत्येक गीतागणिक बदलत असे. लेखी साधने थोडी असल्याने एखादा विशिष्ट वाद्यखंड कोणी रचला वा वाजविला, हे ठरविताना एका वादकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहावी लागते, आणि अशी ताडून पाहता येण्याजोगी माणसे दरवर्षी कमी होत गेली आहेत.