वाढत्या कवटीचा आराखडा

नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. तिची हाडे सुटी असतात, त्यांच्यामधल्या लवचिक सांध्यांना शिवणी म्हणतात आणि अशा शिवणी जिथे एकत्र येतात ती मऊ जागा म्हणजे टाळू. सिन्नर तालुक्यात, घर पूर्वेकडच्या कोरडवाहू गावातले असो की मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याचे, टाळूवर तेल घालण्याची रीत अजून टिकून आहे, त्यामुळे डोक्याच्या आकारातला फरक पुष्कळदा डॉक्टरांआधी आजीच्या हाताला कळतो. तेल चोळून, हलके दाबून डोके गोल करता येते ही समजूत मात्र, एखादी शिवण वेळेआधीच हाडाने सांधली गेली असेल तर काहीच कामाची नसते.

क्रेनिओसिनोस्टोसिस नावाचा हा विकार साधारण दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो. बंद झालेल्या शिवणीच्या काटकोनात कवटी वाढू शकत नाही आणि ती उणीव दुसऱ्या दिशेने भरून काढते, हा नियम रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५१ साली मांडला. त्यामुळेच कपाळाकडून मागे जाणारी सॅजिटल शिवण मिटली की डोके होडीसारखे लांबट आणि अरुंद होते. एकाच कुशीवर निजवल्याने मागून चपटे झालेले डोके हा अगदी वेगळा आणि कितीतरी अधिक आढळणारा प्रकार असून त्यात शिवणी मोकळ्याच असतात. अशा बाळाला शस्त्रक्रिया लागत नाही.

खऱ्या विकाराचे बाळ सिन्नरहून नाशिकमार्गे मुंबईला किंवा संगमनेरच्या रस्त्याने पुण्याला पोहोचेपर्यंत जे महिने जातात, त्यांना येथे मोल आहे. तीन-चार महिन्यांच्या वयात लहान छेदातून, दुर्बिणीच्या साहाय्याने शिवण मोकळी करता येते; पुढे हाड जाड होत गेल्यावर कवटीचा मोठा भाग काढून, कापून, नव्याने जुळवावा लागतो, आणि संगणकीय नियोजनाचा खरा उपयोग या दुसऱ्या शस्त्रक्रियेत होतो.

नियोजनाची सुरुवात सीटी स्कॅनने होते. एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांमधून संगणक घनतेच्या आधारे हाड वेगळे काढतो आणि कवटीची त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. पण तान्ह्या बाळाचे हाड काही ठिकाणी इतके पातळ असते की यंत्र त्याला हाड मानतच नाही, पडद्यावर खोटी छिद्रे दिसतात आणि ती जाणकार माणसाला हाताने भरावी लागतात. नंतर त्या वयाच्या सर्वसाधारण कवटीशी तुलना करून शल्यविशारद आणि अभियंता कापाच्या रेषा आखतात, तुकडे फिरवून पाहतात, आणि ठरलेल्या रेषांप्रमाणे छापलेले, निर्जंतुक केलेले साचे शस्त्रक्रियेत कवटीवर ठेवून हाड कापले जाते. आठ किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम सहाशे मिलिलिटर असते. तेव्हा कुठला तुकडा कुठे बसवायचा याचा विचार टेबलावर नव्हे, आधीच झालेला असणे ही निव्वळ सोय राहत नाही. याची किंमत म्हणजे बाळाच्या अंगावर पडणारे क्ष-किरण, म्हणून स्कॅन शक्य तितक्या कमी मात्रेत आणि खरी गरज असेल तेव्हाच करणे योग्य.

महाराष्ट्रातील एक गाजलेले उदाहरण या विकाराचे नाही, तरी जवळचे आहे. २०१८ साली पुण्याच्या भारती रुग्णालयात, अपघातात कवटीला गंभीर इजा झालेल्या चार वर्षांच्या मुलीला तिच्याच मापाने घडवलेले पॉलिइथिलीनचे रोपण बसवण्यात आले आणि कवटीचा सुमारे ६० टक्के भाग त्याने बदलला गेल्याचे सांगितले गेले. चौथ्या वर्षी डोक्याची बहुतेक वाढ उरकलेली असते, म्हणून न वाढणारे रोपण तिथे चालू शकते. सहा-आठ महिन्यांच्या बाळात ते चालणार नाही. तिथे बाळाचीच हाडे नव्याने मांडून शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्यांनी जोडतात, कारण धातूची पट्टी हाड वाढेल तशी आत सरकू शकते.

पडद्यावरचा आराखडा स्कॅनच्या दिवशीच्या कवटीचा असतो, तर डोके पुढे काही वर्षे वाढणार असते. काही प्रमाणात जुना आकार परतण्याची शक्यता धरून अनेक शल्यविशारद सॅजिटल प्रकारात डोके सरासरीपेक्षा मुद्दाम थोडे रुंद करतात. किती रुंद, हे संगणकाला माणसाने सांगावे लागते, आणि तो अंदाज बरोबर होता की नाही हे पुढील तपासण्यांत, साध्या मोजपट्टीने घेतलेल्या डोक्याच्या घेरावरून आणि रुंदीवरून हळूहळू ठरत जाते.