गाऱ्हाणे ऐकणार कोण?

वाणसामानाच्या दुकानात गिऱ्हाईक शिरले की त्याच्या घरची माणसे, त्यांची आवड आणि थकलेली उधारी हे सारे जुन्या काळचा दुकानदार एका दृष्टिक्षेपात ओळखीत असे. तो काही धर्मराज नव्हता. तागडीच्या दांडीशी त्याच्या बोटाचे असलेले सख्य पुष्कळांनी पाहिलेले असे. परंतु डाळीत खडे निघाले, तर पुडी घेऊन जायचे कोठे, हे गिऱ्हाइकाला पक्के ठाऊक होते.

वस्तू पाहण्यापासून तिच्याविषयीची तक्रार मिटेपर्यंत ग्राहकाच्या वाट्याला जे जे येते, त्या सर्वांस मिळून आज 'ग्राहकानुभव' असे भारदस्त नाव पडले आहे. विक्रीच्या अंगाने हा अनुभव सुधारला, यात संशय नाही. रेल्वेचे तिकीट २००२ पासून इंटरनेटवर मिळू लागले आणि खिडकीपुढे ताटकळणे पुष्कळांचे वाचले. अडचण उद्भवते ती व्यवहार बिघडल्यावर. पैसे घेणारे यंत्र क्षणात सापडते. पैसे परत करणारा माणूस मात्र सापडत नाही. याचे कारण उघड आहे. माणसाने ऐकून घ्यावयाचे तर प्रत्येक वेळी खर्च येतो, आणि यंत्र एकाच वेळी हजारोंना उत्तरे देते.

ती उत्तरे चुकली तर दोष कोणाचा? कॅनडात हा प्रश्न प्रत्यक्ष न्यायासनापुढे आला. २०२२ मध्ये आजी वारल्यामुळे प्रवासास निघालेल्या एका गृहस्थाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला, म्हणजे संभाषण करणाऱ्या यंत्राला, भाड्यातील सवलतीविषयी विचारले. तिकीट काढल्यावर ९० दिवसांच्या आत अर्ज करता येईल, असे यंत्राने सांगितले. कंपनीचा नियम नेमका उलट होता. प्रवास झाल्यावर अर्ज चालत नव्हता. सुनावणीत कंपनीने केलेला बचाव मोठा नामी होता: चॅटबॉट ही स्वतंत्र व्यक्ती असून आपल्या बोलण्यास तीच जबाबदार आहे! आपल्या गुमास्त्याविषयी असे म्हणण्याचे धाडस कोणत्याही पेढीच्या मालकाला झाले नसते. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बचाव फेटाळला आणि सुमारे ६५० डॉलर भरपाई देवविली. रक्कम किरकोळ, परंतु निवाड्याचे मोल मोठे. जुळणारी वाक्ये स्वतःच रचणारी नवी यंत्रे आता सर्वत्र येत आहेत. वाक्य डौलदार असले म्हणजे ते नियमाला धरून असतेच असे नाही.

भारतात १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. २०२० च्या नियमांनुसार इंटरनेटवरून विक्री करणाऱ्या प्रत्येक संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा, असे बंधन आहे. न मागितलेली वस्तू हळूच यादीत सरकविणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे दुर्घट ठेवणे, अशा तेरा क्लृप्त्या नोव्हेंबर २०२३ मध्ये निषिद्ध ठरविण्यात आल्या. दांडीवरचे बोट नाहीसे झाले नव्हते, ते पडद्यामागे गेले होते, एवढेच.

पुढील काळात यंत्रे मराठीतही अस्खलित बोलतील. परंतु इंदूर वा हैदराबादेतील एखाद्या वृद्ध मराठी गृहिणीला आपली हकिकत 'एक दाबा, दोन दाबा' या चौकटीत बसविता येत नाही. ती मधूनच सांगू लागते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिला मराठीत बोलता येते. कंपनीच्या दूरध्वनीवर मात्र माणसाचा आवाज ऐकू येण्यासाठी अखेरचा कोणता आकडा दाबावा, हे तिला अजून शोधावेच लागते.